घडीखालचा बांध

जुन्या गाव नकाशांच्या स्कॅनमधून शेतांच्या हद्दी रेषांच्या रूपात उचलणे आणि त्यांचे बंदिस्त बहुभुज तयार करणे हे आमचे रोजचे काम. कापडावर चिकटवलेल्या आणि वर्षानुवर्षे घड्या घालून ठेवलेल्या त्या कागदांवर सर्वांत ठळक आणि सरळ रेघ बांधाची नसते, घडीची असते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

रेषा शोधण्यासाठी आम्ही हफ रूपांतर वापरतो. पॉल हफ यांनी बबल चेंबरच्या, म्हणजे सूक्ष्म कणांचे माग बुडबुड्यांच्या रांगांतून दाखवणाऱ्या उपकरणाच्या, छायाचित्रांतील कणांचे माग ओळखण्यासाठी ही युक्ती योजली आणि 1962 मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यांनी रेषा तिच्या चढाने मांडली होती; उभ्या रेषेचा चढ अनंत होत असल्याची अडचण संशोधक डूडा आणि हार्ट यांनी 1972 मध्ये कोन आणि लंब अंतर वापरून दूर केली. प्रत्येक काळा पिक्सेल आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सर्व रेषांना मत देतो आणि जिथे मतांची रास पडते ती रेषा खरी मानली जाते. मधला तुकडा पुसला गेला तरी रेषा सापडते, हे या पद्धतीचे सामर्थ्य मला आजही थक्क करते. मात्र ओढ्याच्या कडेने वळत गेलेल्या बांधाची मते विखुरतात आणि घडीतल्या मळाची एकवटतात. म्हणून कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड जाणारी रेषा वगळण्याचा नियम आम्ही केला होता.

त्या दिवशी आलेल्या नकाशावर दोन सर्व्हे नंबरांमधला बांध नेमका घडीवरच होता. नियमाने घडीबरोबर बांधही गेला आणि दोन शेतांचा एक बहुभुज झाला. तो नीट बंद होत असल्याने तपासणीत उत्तीर्णही झाला, कारण आमची तपासणी आकृती बंद आहे की नाही एवढेच पाहते. अशा तपासणीला तपासणी म्हणणे मला पटत नाही. आकारबंदाशी, म्हणजे प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र लिहिलेल्या सरकारी नोंदीशी, क्षेत्र ताडून पाहणाऱ्या सहकारी बाईंच्या नजरेतून ते सुटले नाही.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे निवृत्त भूमापक पडद्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “टिपण मागवा, मग बोलू.” टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी हाताने काढलेली आकृती, ती प्रमाणात नसते, पण बाजूंची मापे साखळी-आण्यांत लिहिलेली असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, आणि साखळीभर लांब-रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आमचा नकाशा इंचाला 330 फूट या प्रमाणाचा. 300 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 300 पिक्सेलच्या, स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 1.1 फूट, तर आण्याचे माप दोन फुटांहून थोडे जास्त. पाच पिक्सेल रुंदीच्या घडीत साडेपाच फूट जमीन दडते. टिपणावरून बांध पुन्हा आखला, तेव्हा तो घडीच्या मध्यावर नव्हता, एका टोकाला तिच्या कडेबाहेर सरकलेला होता.

आता घडीची रेषा वगळण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे सर्व्हे नंबर पाहिले जातात. पण ज्यांचे टिपणही फाटले आहे, त्या बांधांचे काय करायचे? आमच्या तक्त्यात ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ एवढेच रकाने आहेत, आणि अपूर्ण नकाशाचे पैसे मिळत नसल्यामुळे घडीच्या मध्यावर अंदाजाने रेघ ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो. ‘हद्द संशयित’ असा तिसरा रकाना मी लेखी मागितला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.