सहा इंची आरसा, महिना बारावा: कड जागेवर आली

मंडळी, कड आली! घरी दुर्बिणीसाठी घासत असलेल्या आरशाचा आकार अखेर अगदी काठापर्यंत नीट झाला. २५ डिसेंबरला रात्री घरचे झोपल्यावर फुको टेस्टला (आरशावरून परतणाऱ्या प्रकाशात ब्लेड सरकवून त्याचा आकार तपासायला) बसले. ब्लेड हळूच आत सरकवलं आणि आरशाच्या कडेने केसाएवढी उजळ रेघ दिसली, डावीकडे आणि उजवीकडेही, कुठेही न तुटलेली. अशी अखंड रेघ म्हणजे कड खाली वळलेली नाही. एप्रिलपासून हीच रेघ शोधत होते. हाताच्या उबेने काच फसवत तर नाही ना, म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा पाहिलं. तशीच होती.

आधीचे भाग वाचलेल्यांना माहीत आहेच: १५० मिमी, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट), संक्रांतीनंतर ८० नंबरच्या कार्बोरंडमने (काच घासायच्या भरड पुडीने) सुरुवात. मधोमध खोली हवी होती १.१७ मिमी, ती दहा दिवसांत मिळाली. मग ४०० नंबरच्या बारीक पुडीत जाड कण निघाले, काचेवर लांबलचक चरा पडला आणि तीन आठवडे मागे गेले. त्या पुरवठादाराकडे मी परत जाणार नाही. तुम्हीही बारीक ग्रिट कुणाकडूनही घ्या, पण पाण्यात ढवळून, जाड कण खाली बसू देऊन, वरचंच पाणी वापरा. पॉलिशसाठीच्या गुलाबीसर स्वस्त सिरियमबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. छान काम करतं.

आता कडेचं. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी खोली तापायची आणि पिच लॅप (डांबरासारख्या पिचची पॉलिशिंगची गादी) लोण्यासारखा पसरायचा. चौकोनांमधल्या खाचा तासाभरात बुजत. मऊ पिच कडेला वर येतं आणि काचेची कड जास्त खातं, हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या आरशावर बघताना पोटात गोळा आला. रोंकी चाचणीत जाळीतून दिसणाऱ्या रेघा टोकाला आकड्यासारख्या वळलेल्या. ठसठशीत टीडीई, म्हणजे खाली वळलेली कड. मी पहाटे पाचला पॉलिशिंग सुरू केलं, स्ट्रोक आखूड केले, पिचमध्ये रोझिन (राळ) वाढवलं. अंगठ्याचं नख दाबलं की खूण उठायला चांगला वेळ लागेल इतपत ते कडक झालं. मे महिन्यात कड थोडी सावरली.

आणि जूनमध्ये माझी साताऱ्याला बदली झाली. नवं घर, मुलीची नवी शाळा, बाबाही आमच्याबरोबर आले. ऑगस्टमध्ये खोकं उघडून लॅप काढला, तर भर पावसात गार झालेल्या खोलीत तो दगड! आरशाला नीट टेकेना, घासताना चरचर आवाज यायचा. बाबांनी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. शेजारच्या खोलीतून ते म्हणाले, "अगं थांब, काच ओरडतेय." उजेडात धरलं तर काचभर केसासारखे बारीक ओरखडे. मी त्या दिवशी खूप रडले. पुण्याच्या उन्हाळ्यासाठी शिजवलेलं पिच मी साताऱ्याच्या पावसात वापरत होते, आणि दोष माझ्या हातांना देत होते.

सगळं पिच खरवडून वितळवलं, टर्पेंटाइन थेंबाथेंबाने घातलं, दर वेळी थोडं पाण्यात गार करून नखाने पाहिलं. तिसऱ्या खेपेला जमलं. लॅप आरशापेक्षा किंचित लहान ओतला आणि टूल (लॅपची तबकडी) वर, आरसा खाली अशी मांडणी केली. दाब फक्त मधोमध. खोलीचं तापमान भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिलं. बाकी मग चिकाटीचंच काम. कड वर येत नसते, सबंध काच तिच्या पातळीला खाली आणावी लागते.

पॅराबोलाचं, म्हणजे आरशाला शेवटी द्यायच्या आकाराचं म्हणाल तर, दिवा आणि ब्लेड एकाच गाड्यावर असल्याने केंद्र आणि कड यांच्यासाठी ब्लेडच्या जागेत फरक हवा १.१७ मिमी. हो, पुन्हा तोच आकडा, कारण सूत्र तेच आहे. माझा १.०५ भरतोय. आणखी दहा मिनिटं फिगरिंग (आकाराची शेवटची दुरुस्ती) करावं असं हा परिच्छेद सुरू करेपर्यंत मनात होतं. आता नाही. एफ/८ ला एवढी कसर चालते, आणि ही कड मी पुन्हा पणाला लावणार नाही. जानेवारीत आरसा कोटिंगला (चकाकीचा थर चढवायला) जाईल.

पण धीर धरवला नाही. कोरी काच चारेक टक्के प्रकाश परत देते, तेवढ्यावर २७ तारखेला आरसा नळीत बसवून गच्चीत नेला. अर्धा चंद्र, ४८ पट. प्रकाश इतका सौम्य की डोळ्याला सुखच. चंद्रावरच्या अपेनाइन पर्वतांची रांग सावलीच्या कडेशी धारदार उभी होती. शनी चंद्राजवळच होता. त्याची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्या बाजूने अगदी काठावर आली होती, आणि त्या रात्रीही जवळजवळ आडवीच होती. मला पुसटशी रेघ जाणवली.

बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर काढला. मी म्हटलं, "बाबा, नव्या डोळ्याने बघा." ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खड्ड्यांच्या कडा काय स्वच्छ कापल्यात!"

उभ्याने बघायच्या डॉब्सनचे (दुर्बिणीच्या साध्या लाकडी बेसचे) प्लाय कापायला टाकणार होते, ते थांबवलंय. बसून बघता येईल असा बुटका बेस करायचा. कुणी एफ/८ साठी केला असेल तर मापं कळवा. बाबांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून सतरा इंच आहे.