धापेवाड्याच्या वाटेवर: हिंदू नेमके काय मानतो?

आषाढीला विदर्भातील हजारो वारकरी पंढरपूर गाठतात. ज्यांना पेरणीच्या ऐन हंगामात इतके दिवस वावर सोडून जाता येत नाही, त्यांच्यासाठी नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्यात धापेवाडा आहे. इथल्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे आणि तिच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे. इथले संत कोलबास्वामी यांच्या भक्तीला भुलून आषाढी पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला पंढरीनाथ स्वतः इथे येतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा असल्यामुळे या गावाला विदर्भाची पंढरी म्हणतात. काटोल नाक्यावरून निघून गोरेवाड्याचे जंगल उजवीकडे ठेवत फेटरीमार्गे कळमेश्वरला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सावनेरच्या रस्त्याने धापेवाडा गाठायचा, असा आमच्या दिंडीचा शिरस्ता आहे.

यंदा माझी पुतणी सोबत होती. ती बाहेरगावी कायद्याचे शिक्षण घेते. वसतिगृहातील एका परदेशी मैत्रिणीने तिला विचारले होते, की तुम्ही हिंदू लोक नेमके काय मानता. ग्रंथ एक नाही, संस्थापक नाही, अमुक मानले नाही तर तू आमचा नाहीस असे बजावणारे पीठही नाही, एवढे सांगून ती थांबली होती आणि ते थांबणे तिच्या मनाला लागून राहिले होते. काटोल नाका मागे पडताच तिने मला विचारले, "काका, नाही-नाही एवढंच सांगता येतं का आपल्याला? आहे असं काहीच नाही?"

वकिली करणाऱ्या माणसाला अशा वेळी आधी निकालच आठवतो. हिंदू कोणाला म्हणावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता आणि १९६६ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात त्याचा सविस्तर विचार झाला. या धर्माचा एक प्रेषित नाही, एकच देव नाही, एकच तत्त्वज्ञान नाही, असे नमूद करून न्यायालयाने लोकमान्य टिळकांची व्याख्या आधाराला घेतली: वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्य कोणते असावे याविषयी नियमाचा अभाव. पुतणीला ही व्याख्या ठाऊक होती. तिला ठाऊक नव्हते ते हे, की मुळात तो खटला मंदिरप्रवेशाचा होता. आमचा संप्रदाय हिंदू धर्मापासून वेगळा आहे, म्हणून दलितांना मंदिरे खुली करणारा कायदा आम्हाला लागू होत नाही, असा अहमदाबादच्या एका पंथाच्या अनुयायांचा दावा होता आणि न्यायालयाने तो फेटाळला. धर्माची व्याख्या करण्याची वेळ आली ती दार कोणासाठी उघडायचे या वादातून, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते आणि पुढच्या सगळ्या वाटेवर ती माझ्या मनातून गेली नाही.

फेटरीच्या पुढे पावसाची एक सर येऊन गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती फुगून आली होती, कपाशीचे दोन-दोन पानांचे अंकुर वर आले होते आणि धुऱ्यावरच्या पळसांची पाने धुऊन निघाली होती. दिंडीत आमच्या पुढे उमरेडकडची एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालत होती. गळ्यात तुळशीची माळ, माळेत गजानन महाराजांचे लहानसे पदक. बोलण्यातून कळले, की नवरात्रात ती कोराडीच्या जगदंबेला जाते, चतुर्थीला अदाशाच्या गणपतीला जाते आणि अंगात बळ होते तोवर नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारालाही जात असे. पुतणीने तिला विचारले, "आजी, इतके देव? मोजले तरी किती होतील?" आजी हसली. म्हणाली, "देव कोणी मोजते का, पोरी? मोजाले ढोरं आहेत, पोते आहेत."

हाच प्रश्न बृहदारण्यक उपनिषदात विदग्ध शाकल्याने याज्ञवल्क्याला विचारला आहे. देव किती? याज्ञवल्क्य प्रथम ३,३०६ सांगतो. शाकल्य मान डोलावतो आणि पुन्हा विचारतो, खरोखर किती? तेहतीस. खरोखर किती? सहा. मग तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. विशेष असे, की शेवटच्या एकावर पोचल्यावर याज्ञवल्क्य आधीच्या संख्या खोट्या ठरवत नाही. ते ३,३०६ म्हणजे तेहतीस देवांचेच महिमे आहेत, असे तो सांगतो. सत्य एक आहे आणि ज्ञाते त्याला अनेक नावांनी हाक मारतात, हे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील वचन याच्याही आधीचे. उमरेडच्या आजीने उपनिषद वाचलेले नाही. तरी कोराडी, अदासा आणि धापेवाडा यांत तिला कधी भांडण दिसले नाही, ते याच शिकवणीमुळे. ही शिकवण तिच्यापर्यंत कीर्तनांतून आणि ओव्यांतून पोचली आहे आणि पोथीत राहिली असती त्याहून ती अधिक पक्की झाली आहे.

दुपारी एका वडाखाली विसावा झाला. गावकऱ्यांनी पत्रावळींवर कोहळ्याची भाजी, पुरी आणि वरण-भात वाढला. चातुर्मास लागलेला असल्यामुळे कांदा, लसूण आणि वांगे कुठेच नव्हते. वडाचे फळ हातात घेऊन मी पुतणीला छांदोग्य उपनिषदातील आरुणी आणि श्वेतकेतूची गोष्ट सांगितली. बाप मुलाला वडाचे फळ फोडायला लावतो, त्यातले बी फोडायला लावतो आणि आत काय दिसते ते विचारतो. काहीच नाही, असे मुलगा म्हणतो. बाप सांगतो, की जे तुला दिसत नाही त्या सूक्ष्मातूनच हा एवढा वृक्ष उभा आहे. तेच सर्वांचे आत्मतत्त्व आहे, आणि श्वेतकेतू, ते तू आहेस. बारा वर्षे वेद शिकून गर्वाने घरी आलेल्या मुलाला बापाने दिलेला हा धडा आहे. जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैती आणि ते वेगळे मानणाऱ्या द्वैती आचार्यांनी या वाक्याचे अर्थ निरनिराळे लावले आणि तो वाद शतकानुशतके चालला. परंतु प्रत्येक जिवाच्या ठायी परमात्म्याचा वास आहे एवढे तर दोघांनाही मान्य आहे.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे दिसते, हे पाहायचे असेल तर दिंडीतील वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना पाहावी. वीणा खाली ठेवायची नाही, भजन खंडू द्यायचे नाही, म्हणून विणेकरी बदलताना दोघे समोरासमोर येतात. पहिला वीणा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि लगेच दोघेही वाकून एकमेकांच्या पाया पडतात. कळमेश्वरच्या अलीकडे आमच्या दिंडीत वीणा सोडणारे होते साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, आणि घेणारा होता बावीस-तेवीस वर्षांचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक मुलगा. शिक्षकांचे कपाळ त्या मुलाच्या चिखलाने भरलेल्या पायांना लागले आणि उठले तेव्हा त्यांच्या बुक्क्याच्या टिळ्यावर मातीचा ठिपका होता. त्यांनी तो पुसला नाही. वारीत भेटणारा प्रत्येक जण माउली आहे, आणि तिथे वय, जात, शिक्षण, पैसा यांपैकी काहीही न विचारता पाया पडायचे असते. हिंदू काय मानतो याचे माझे उत्तर इथे आहे: समोरच्यात तेच चैतन्य आहे असे तो मानतो, आणि मानत असेल तर त्याने वाकले पाहिजे.

पुतणीने लगेच विचारले, की असे जर आहे, तर चोखोबा मंदिराबाहेर का राहिले? हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, ते चोखामेळा विठ्ठलाचे परमभक्त होते. त्यांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेरच आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असे सांगणाऱ्या धर्माने माणसांना स्पर्शसुद्धा नाकारला. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. आम्ही ज्या शहरातून निघालो त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी हिंदू धर्म सोडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिंदू म्हणून मी दीक्षाभूमीवरून जातो तेव्हा तो निर्णय मला आपल्यावरचा न्याय्य निवाडा वाटतो. तत्त्व खोटे होते, असे मी म्हणणार नाही; परंतु आम्ही ते वाकण्यापर्यंत नेले नाही, हे मान्य करावेच लागेल.

कळमेश्वरच्या मुक्कामी हरिपाठ झाल्यावर कर्माचा विषय निघाला. आमच्यासोबत एक विधवा बाई होत्या. कपाशी बुडाली त्या वर्षी त्यांचे यजमान गेले. कोणीतरी सांत्वन करायला म्हणून म्हणाले, की प्रारब्धापुढे कोणाचे चालते? बाई शांतपणे म्हणाल्या, "पऱ्हाटीले भाव भेटला नाही, यात माया धन्याचं कोणतं पाप होतं, भाऊ?" बोलणारे गृहस्थ गप्प झाले आणि ते योग्यच झाले. कर्म आणि पुनर्जन्म हा हिंदू विचाराचा पाया आहे, हे खरे. संचित म्हणजे साठलेले, प्रारब्ध म्हणजे भोगायला आलेले आणि क्रियमाण अशी कर्माची विभागणी केली आहे, आणि तिच्यातला क्रियमाण म्हणजे आत्ता हातून घडणारे कर्म एवढाच भाग माणसाच्या हाती आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तुझा अधिकार कर्मावर आहे असे म्हटले आहे, तेही अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. म्हणजे हा सिद्धांत आपल्या हातांकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच माथी मारण्यासाठी तो वापरला, की तो क्रूर होतो आणि व्यापारी, सावकार, सरकार सगळेच त्याच्या आड सुटून जातात. त्या रात्री ज्यांनी बाईंचे पाय चेपून दिले, त्या दोन मुलींना कर्माचा सिद्धांत अधिक कळला होता, असे मी मानतो.

मोक्षाबद्दल मात्र वारकऱ्यांचे मत ऐकून पुतणी चकित झाली. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत मोक्ष शेवटचा आणि श्रेष्ठ. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चारही मुक्ती देवाच्या दारात क्षणभर उभे राहिल्याने साधतात, असे हरिपाठाचा पहिलाच अभंग सांगतो. तरीही तुकोबा देवाजवळ मुक्ती मागत नाहीत; संतांची संगत दे आणि मग आम्हाला खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असे ते म्हणतात. जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटका हे ज्या धर्माचे परम साध्य, त्याच धर्मातला एक थोर संत सुटका नको म्हणतो आणि तरी तो धर्माच्या मध्यभागी उभा असतो, हे मला या परंपरेचे सगळ्यात मोठे वैभव वाटते.

दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या बागांमधून जाताना आमच्या बायकांनी रुक्मिणीची पदे धरली. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर तिचे माहेर, आणि तिथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची मानली जाते. त्यामुळे इकडच्या बाया विठ्ठलाला जावई समजून हक्काने बोलतात, त्याला खडसावतातही. देवाशी सोयरीक असू शकते, हेही मैत्रिणीला सांगायच्या गोष्टींत टाक, असे मी पुतणीला सांगितले.

धापेवाड्याला दर्शनाची रांग नदीच्या पुलापर्यंत आलेली होती. रांगेत तिने मनातली गोष्ट सांगितली: "काका, माझा पुनर्जन्मावर विश्वास बसत नाही. देव आहे का, तेही मला नक्की माहीत नाही. मग मी मैत्रिणीला काय सांगू, मी कोण?" मी तिला सांगितले, की जगाचा कर्ता म्हणून ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि मीमांसा ही दोन्ही आपल्या सहा आस्तिक, म्हणजे वेदांना प्रमाण मानणाऱ्या, दर्शनांत आहेत, तेव्हा तिची शंका घेऊन तिला या रांगेत उभे राहता येते. मैत्रिणीला हेही सांगावे, आणि चोखोबांचेही सांगावे. तिला ते पूर्ण पटले नाही; सांख्यांचे ईश्वराविषयीचे म्हणणे मूळातून वाचायचे आहे, असे ती म्हणाली. तेवढ्यात मागून उमरेडची आजी आली, ओलीचिंब. पुतणीने तिला आपल्या पुढे घेतले आणि वाकून तिच्या पाया पडली, तर आजीही लगोलग तिच्या पायांवर वाकली आणि मागच्यांनी रांग पुढे सरकवा म्हणून दोघींना हाक दिली.