वाघ समोर आला तर काय करायचं?

माझं गाव सिंदेवाही तालुक्यातलं, ताडोब्याच्या शेजारचं, असं कळलं की पुण्या-मुंबईची माणसं हमखास विचारतात, "वाघ समोर आला तर काय करायचं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून आधी सरळ उत्तर. पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. ताठ उभं राहायचं, वाघाकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे घ्यायचं, सोबत कोणी असेल तर एकमेकांना चिकटून राहायचं. पिल्लं दिसली तर बघत थांबायचं नाही, आल्या वाटेनं निघायचं. आणि खाली वाकायचं किंवा बसायचं तर मुळीच नाही.

हे शेवटचं वाक्य आमच्याकडच्या बायकांना सांगताना माझी जीभ अडखळते. कारण त्यांचं सगळं कामच वाकून करायचं असतं.

मोहाचंच बघा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रभर गळत राहतात, पहाटे झाडाखाली फिकट पिवळा सडा पडलेला असतो. उशीर केला की अस्वलं आणि चितळं खाऊन जातात, म्हणून अंधारातच निघावं लागतं. माझी मोठी आई टोपली घेऊन बुंध्याशी उकिडवी बसते आणि बसल्या बसल्याच सरकत झाडाभोवती फिरते. बोटं पाचोळ्यातून फुलं अलगद उचलतात, नजर हातभर जमिनीपलीकडे जात नाही. लांब कुठे वानर खाकरलं तर हात क्षणभर थांबतो, मान वर होते, पुन्हा खाली जाते. उठून उभी राहत नाही ती. उठली की तेवढा मोह कमी.

आता पहाटेच्या त्याच अंधुक उजेडात वाघाच्या बाजूनं बघा. पाचोळ्यात काहीतरी ठेंगणं हलतंय, त्याची पाठ आपल्याकडे आहे. उभ्या माणसाला वाघ एरवी टाळतो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः संध्याकाळी गाडीवरून शाळेतून येताना रस्त्यात बसलेला वाघ पाहिलाय. गाडी चालूच ठेवून लांब थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सावकाश उठला, कडेच्या सागावर मूत्र उडवलं आणि बांबूत शिरला. पण बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटतंच असं नाही, आणि झडप तो मागून घालतो. सुंदरबनात तर याच कारणानं ऐंशीच्या दशकात लोकांना डोक्यामागे चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले होते.

"मग जंगलात जाताच कशाला?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला. मोहानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विड्यांची पानं, तोडायला येतो. धानाच्या रोवणीआधी हातात रोख पैसा येतो तो या दोन हंगामांतून. आणि वाघ काही फक्त ताडोब्यात राहत नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. आईपासून सुटलेला दोनेक वर्षांचा वाघ स्वतःची जागा शोधत निघतो, ती त्याला आमच्या ब्रह्मपुरी वनविभागात मिळते. तिथं धानाच्या बांद्या, गावं आणि जंगलाचे तुकडे एकमेकांत शिरलेले आहेत. शेताच्या धुऱ्यावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड असतो, त्याच धुऱ्यावरून वाघ जातो. वाघाबरोबर राहणं आम्हाला नवीन नाही. इतके वाघ आणि इतकं तुटक जंगल मात्र नवीन आहे.

मे २०२५मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतरही बायका जंगलात गेल्या, घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. माणूस गेल्यावर सरकार २५ लाख रुपये देतं. त्या घरांना तो आधार लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पैसा माणूस जाण्याआधी खर्च व्हावा असं मला फार वाटतं.

त्यातली एक गोष्ट अगदी साधी आहे: मोहाखाली बांधायची जाळी. चार खुंट रोवून झाडाखाली जाळी ताणली की फुलं तिच्यावरच पडतात. उजाडल्यावर जायचं, उभ्यानं गोळा करायची, टोपली भरून निघायचं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळावा लागत नाही, त्यामुळे वणवाही टळतो. मोहाला माती लागत नाही म्हणून भावही बरा मिळतो. तेंदूपत्त्याला असा उपाय नाही, तिथं वाकावंच लागतं. म्हणून तिथं टोळीमागे एक माणूस फक्त पहाऱ्याला हवा, आणि त्याची मजुरी टोळीनं बांधलेल्या पानांच्या पुडक्यांच्या पैशातून कापली जाता कामा नये.

तुम्ही सफारीला आलात तर गेटवरच्या गाइडला वाघाबद्दल विचाराच. सोबत एवढंही विचारा, की तुमच्या गावात मोहाच्या जाळ्या किती घरांना मिळाल्यात? ग्रामसभेत हा विषय मी दरवर्षी काढते. जाळ्या फेब्रुवारीत हातात पडायला हव्यात. एप्रिलमध्ये आलेली जाळी पुढच्या वर्षापर्यंत घरात गुंडाळूनच राहते.