ताम्हिणीच्या आदल्या रात्री

शुक्रवारी संध्याकाळी सायकलच्या दुकानात येणारं प्रत्येक काम 'पाचच मिनिटांचं' असतं. शनिवारी पहाटे कुणाला सिंहगड, कुणाला बोपदेव, कुणाला थेट कोकण. डिसेंबरात तर विचारूच नका. त्या दिवशी मी शटर निम्मं ओढलं होतं, तेवढ्यात एक ताई आल्या. हॉस्पिटलात नर्स आहेत, ड्यूटी संपवून परस्पर आलेल्या. पहाटे त्यांचा ग्रुप ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघणार होता.

"दादा, पुढचा ब्रेक जरासा घासतोय. तेवढा सरळ करून द्या, बास."

डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, घासण्याची तक्रार रोजचीच. बहुतेक वेळा चाकच नीट बसलेलं नसतं. सायकल जमिनीवर उभी करून क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळणारी खिट्टी, सैल करायचं, हँडलवर भार देऊन ॲक्सल खाचेत पुरता बसवायचा आणि परत आवळायचं. निम्म्या सायकली इथेच गप्प होतात. उरलेल्यांचे कॅलिपरचे, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट ढिले करून हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट आवळायचे. दोन्ही करून झालं. चाकाला हात मारला, तर अर्धा फेरा घेऊन थांबलं.

मग लिव्हरकडे लक्ष गेलं. दाबताना टणक लागत होता, पण सोडला की झटकन मागे न येता सावकाश सरकत यायचा. ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ही खूण वाईट. पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे घेण्याचं काम तिथे मुख्यतः त्याच्याभोवतीची रबरी सील करते. ब्रेक लावला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते, सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढते. ते रबर फुगलं की पिस्टन आहे तिथेच अडकून बसतो.

"याचं काम कुठे केलं होतं का, ताई?"

"दिवाळीत लिव्हर एकदम मऊ पडला होता. आमच्या सोसायटीसमोर बाइकचं गॅरेज आहे, त्यांनी ऑइल टाकून दिलं. पैसेसुद्धा घेतले नाहीत हो."

फ्रेमच्या वरच्या नळीवर, बरोबर लिव्हरच्या रेषेत, रुपयाएवढ्या जागेत रंगाचे पापुद्रे निघालेले होते. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सिरिंजने थोडं ऑइल ओढलं. ब्रेक शिमानो कंपनीचा, आणि शिमानोचं मिनरल ऑइल गुलाबीसर असतं. हे पिवळट होतं. चहाच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चार थेंब सोडले. मिनरल ऑइल असतं तर वर तवंग धरला असता. हे सरळ खाली गेलं आणि ढवळल्यावर पाण्यात विरून गेलं. डॉट, म्हणजे मोटारसायकलींचं ब्रेक ऑइल.

त्या गॅरेजवाल्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडे मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकला डॉट ३ नाहीतर डॉट ४ लागतं, टाकीच्या झाकणावर तसं कोरलेलंच असतं. त्याच्या दृष्टीने ब्रेक ऑइल म्हणजे तेच. सायकलीत मात्र दोन जाती. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्यात मिनरल ऑइल. स्रॅमच्या बऱ्याचशा ब्रेकमध्ये आणि होपमध्ये डॉट. दोन्हींच्या सीलचं रबर वेगळं असतं, एकाला चालतं ते दुसऱ्याला सोसत नाही. वर डॉट रंगही खातं, म्हणून सांडलं की लगेच पाण्याने धुवावं लागतं. लिव्हरवर 'मिनरल ऑइल' लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मलाच टॉर्च लागतो.

ताईंना हे सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "थोडक्यात, चुकीच्या गटाचं रक्त चढवलं."

"चढवलं, आणि दोन महिने अंगात राहिलं."

माझी खरी काळजी घासण्याची नव्हती, घाटाची होती. लिव्हरमध्ये एक बारीक छिद्र असतं. ब्रेक सुटला की नळीतलं ऑइल त्यातून वरच्या टाकीशी जोडलं जातं, तापून फुगलेलं जास्तीचं ऑइल तिथून वर जातं. लिव्हरमधली सील फुगून मागे यायची थांबली की ते छिद्र झाकलेलंच राहतं. घासणाऱ्या पॅडने कॅलिपर तापतो, ऑइल फुगतं, जायला वाट नाही, म्हणून ते पॅडच आणखी दाबतं. त्याने अजून तापतं. सपाट रस्त्यावर ताईंना वाटलं असतं, आज पाय जड झालेत. पण ताम्हिणीहून विळ्याकडे उतरताना पुढचं चाक आपोआप जखडलं, तर सांगायला माणूस शिल्लक राहायचा नाही.

"मग तो काढूनच टाका. मागच्या ब्रेकवर जाईन हळूहळू."

हे अजिबात नाही. उतारावर भार पुढे येतो, थांबवायचं मुख्य काम पुढचं चाक करतं. मागचं नुसतं घसरतं, आणि सगळी उष्णता एकट्या मागच्या डिस्कवर.

आतलं ऑइल धुऊन मिनरल भरता आलं असतं, पण फुगलेली सील त्याने बरी होत नाही आणि शिमानो त्या सील सुट्या विकत नाही. म्हणजे लिव्हर, नळी, कॅलिपर, अख्खा संच नवा. तो माझ्याकडे नव्हता आणि रात्री साडेआठला मिळणारही नव्हता. ड्रॉवरमध्ये होता तो केबलवर चालणारा मेकॅनिकल डिस्कचा कॅलिपर. ताईंचा चेहरा पडला. केबल म्हटलं की लोकांना स्वस्तातलं वाटतं. नीट बसवलेला केबल डिस्क आजारी हायड्रॉलिकपेक्षा केव्हाही चांगला, हे माझं मत मी दुकानात रोज सांगतो आणि रोज कुणीतरी नाक मुरडतं.

लिव्हर व्ही-ब्रेकचा, म्हणजे रिमवर दाबणाऱ्या केबलच्या ब्रेकचा लावला. माउंटन बाइकचे केबल कॅलिपर त्याच लिव्हरच्या खेचीवर बेतलेले असतात. रोड बाइकचा लिव्हर केबल कमी ओढतो, त्याला वेगळा कॅलिपर लागतो. जुने पॅड तेलकट झालेले, ते टाकून दिले. घाटासाठी मेटल पॅड घालावेत असं मनात होतं, पण १६० मिलिमीटरच्या त्या डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असा शिक्का होता, म्हणून रेझिनच घातले. डिस्क व्हर्निअरमध्ये १.७ मिलिमीटर भरली, दीडपर्यंत चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि त्यानंतर कुणाला बोट लावू दिलं नाही.

या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो डिस्कला वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. म्हणून आतला पॅड आधी जवळ आणायचा, डिस्क आणि पॅडमध्ये कागदाएवढी फट ठेवून. बहुतेक जण इथे कंटाळा करतात, नुसती केबल ताणून मोकळे होतात आणि मग 'केबल डिस्क लागतच नाही' म्हणतात. केबलचं बाहेरचं आवरण नवं कापलं, टोक कानशीने सपाट केलं. वाकडं कापलेलं टोक दाबाखाली चेपतं आणि लिव्हर मऊ लागतो.

नवे पॅड लगेच पकडत नाहीत, त्यांना बसवावं लागतं. ताईंना गल्लीत पिटाळलं. वेग घ्यायचा, पायी चालण्याइतका होईपर्यंत ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग. असं वीसेक वेळा. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन मला विचारून गेला, "बाईंचं काही हरवलंय का?" सुरुवातीला नुसती खरखर होती, शेवटी शेवटी एका बोटाने मागचं चाक हलकं व्हायला लागलं.

जाताना एवढंच बजावलं, की उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात लावा आणि सोडून द्या, डिस्कला वारा लागू द्या.

रविवारी रात्री त्यांचा फोन आला. घाट उतरून गेल्यावर केबल जरा ढिली पडलेली वाटली, तेव्हा कॅलिपरजवळची गोल चावी स्वतःच फिरवून घेतली म्हणे. आवाजात भलताच आनंद होता.

पुढच्या आठवड्यात हायड्रॉलिक संच आला, तर त्या बसवून घ्यायला तयारच होईनात. "ही मला रस्त्यात नीट करता येते, ती येत नाही." मी वाद घातला. पॅड झिजला की हायड्रॉलिक आपलं आपण जुळवून घेतं, केबलला दर थोड्या दिवसांनी हात लावावा लागतो. शिवाय पावसाळ्यात आवरणात चिखलपाणी शिरलं की खेच जड होते. त्या म्हणाल्या, "मेमध्ये आणते, केबल बदलून द्या." पुढे केबल, मागे हायड्रॉलिक अशी ती सायकल मला अजून आवडत नाही, पण थांबते चोख. संच दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला.

गॅरेजवाल्याला मी ग्लासातला तो प्रयोग त्याच्याच दुकानात करून दाखवला. तो आता सायकल आली की आधी फोन करतो.