आमची वाटचाल: कुपीवरच्या आकड्याचा हिशेब

मानवी जनुकाला टॅग (प्रथिन ओळखता यावं म्हणून जोडलेला छोटा तुकडा) जोडायचा, ते लेंटिव्हायरसच्या, म्हणजे पेशीत जनुक पोहोचवणाऱ्या विषाणूच्या कणांत भरायचं आणि पेशींवर संशोधन करणाऱ्यांना द्यायचं, एवढंच आमच्या छोट्या कंपनीचं काम. सुरुवातीला ऑर्डर आली की फक्त जनुकाचं नाव विचारायचो. आता आधी विचारतो, टॅग प्रथिनाच्या कोणत्या टोकाला: सुरुवातीच्या (एन-टोक) की शेवटच्या (सी-टोक)?

केआरएएस या प्रथिनाचं सी-टोक पेशीच्या पडद्याला (मेम्ब्रेनला) धरून बसतं. तिथेच जीएफपी (हिरवा चमकणारा टॅग) लावला तर प्रथिन पेशीत नुसतंच तरंगतं, म्हणून टॅग एन-टोकाला. पेशीबाहेर स्रवणाऱ्या प्रथिनांचं उलट: एन-टोकाचा सिग्नल पेप्टाइड (बाहेर जाण्याची खूण असलेला तुकडा) कापला जातो आणि त्याच्या पुढचा टॅगही जातो. सी-टोकाला टॅग हवा असेल तर जनुकातला मूळ स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं, अशी खूण) काढावाच लागतो. तो राहिला, तर ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) प्रथिनाच्या अँटीबॉडीचा पट्टा दिसतो, टॅगच्या अँटीबॉडीचा मात्र दिसत नाही.

लांबीही बघावी लागते. फ्लॅग हा छोटा टॅग २४ बेसांचा (बेस म्हणजे जनुकाचं एक अक्षर), जीएफपी सुमारे ७२० बेसांचा. दोन एलटीआरांमधलं (विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या दोन टोकांमधलं) अंतर ८-९ हजार बेसांपुढे गेलं की टायटर, म्हणजे मिलीलीटरमागे कणांची संख्या, घसरू लागतो. अशा वेळी जीएफपीचा हट्ट सोडा, असं आम्ही सरळ सांगतो.

सर्वांत जास्त बदल झाला तो टायटरच्या बाबतीत. पी२४ एलायझा (कणांतलं पी२४ हे प्रथिन मोजणारी चाचणी) सोपी, आकडाही भरघोस. पण ती रिकामे आणि निकामी कणही मोजते. पेशीत खरोखर जनुक घालणारे कण त्यापेक्षा शंभर ते हजार पटींनी कमी असू शकतात. म्हणून कुपीवर आता ट्रान्सड्यूसिंग युनिटच, म्हणजे असे कामाचे कणच लिहितो, आणि कोणत्या पेशींवर मोजले तेही. एचईके२९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा आकडा शरीरातून थेट घेतलेल्या (प्राथमिक) टी-पेशींना लागू पडत नाही.

मिलीलीटरमागे १ कोटी युनिट, प्लेटच्या एका विहिरीत (खळग्यात) १ लाख पेशी, एमओआय (एका पेशीमागे युनिट) ५ हवा: ५ लाख युनिट, म्हणजे ५० मायक्रोलीटर. पेशी मात्र विषाणू घालायच्या दिवशी मोजायच्या, आदल्या दिवशीच्या नाही. रात्रीत त्या वाढलेल्या असतात. प्रत्येक पेशीत एकच प्रत हवी असेल तर एमओआय ०.३ ठेवा. सुमारे २६ टक्केच पेशींत जनुक जाईल, पण त्यांतल्या ८६ टक्क्यांत एकच प्रत असेल. विषाणूत प्युरोमायसिन या औषधाला दाद न देणारं जनुकही असेल, तर जनुक न गेलेल्या पेशी त्या औषधाने मारता येतात. त्याची मात्रा आधी आपल्याच पेशींवर ठरवावी.

पार्सलची गोष्ट वेगळीच. कुपीचं झाकण सैल असलं तर ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि वितळताना द्रव आम्लधर्मी होतो. कुप्या आल्या की उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान एक दिवस ठेवाव्यात, मग बर्फावर वितळवाव्यात. पुन्हा गोठवलं की टायटर घटतो, म्हणून आम्ही मोठी कुपी देणं बंद करून छोट्या कुप्या भरतो.

विषाणू पेशींना चिकटावा म्हणून घालायचं पॉलिब्रीन साधारण ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर. नाजूक पेशींना ते सोसत नाही, तिथे प्रोटामिन सल्फेट बरं. जीएफपी २४ तासांत दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, तो पेशीने बनवलेला नसून कणांबरोबर आलेलाही असू शकतो. ७२ तासांनंतर मोजावं. आणि जनुक नसलेल्या, फक्त टॅगच्या विषाणूची एक कुपी सोबत घ्यावीच. काही जण ती पैसे वाचवायला वगळतात, मग पेशींतला बदल जनुकामुळे की विषाणूमुळे, हे सांगता येत नाही.