त्या रात्री आजी खाटेवर नव्हत्याच

इथे अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात. ते चालवणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला परीक्षा देऊन राज्याचा परवाना काढावा लागतो. आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर बाईंच्या परवान्याची सुनावणी, परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डापुढे लागली आणि साक्षीला मला बोलावलं. मिरजेला नर्सिंग शिकून आले त्याला वीस वर्षं झाली, पण शपथेवर बोलायची ही पहिलीच वेळ.

वकिलांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. आमच्याकडे राहणाऱ्या एका आजींची दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता. रात्री 10, 12, 2, 4, 6. पाचही सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एका बैठकीत केल्यासारख्या. शेजारी ॲम्ब्युलन्सची नोंद होती: आजींना त्याच रात्री 9.40 ला हॉस्पिटलात हलवलं. एकाच कुशीवर पडून राहून झालेली माकडहाडावरची जखम हाडापर्यंत गेली होती. त्या जखमेचं ड्रेसिंग मी केलेलं आहे; तो वास अजून जात नाही.

राज्याचे तपासनीस न सांगता येतात. दोन तपासण्यांत 15 महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, असा केंद्राचा नियम आहे. आमची मुदत भरत आली होती. तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, "रिकामे रकाने संध्याकाळपर्यंत भरा." मी भरले नाहीत. पण कुठे कळवलंही नाही. तेही मी शपथेवर सांगितलं.

बाईंचे वकील म्हणाले, त्यांनी पेशंटला हातही लावलेला नाही, सह्या दुसऱ्यांच्या आहेत. पण खोट्या नोंदी करणं किंवा करवून घेणं, दोन्ही कारणांनी परवाना जाऊ शकतो. परवान्यासाठी खोटी माहिती देणं, गुन्ह्यात शिक्षा होणं, रहिवाशांच्या जिवाशी खेळ होईल असा कारभार करणं, हीसुद्धा कारणं आहेतच. रात्रपाळीला माणसं कमी ठेवणारे मालक मात्र तिथे नव्हते. बोर्डाचा हात परवान्यापुरताच पोचतो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

बाईंचा परवाना निलंबित झाला.

साक्ष संपवून बाहेर आले तर आजींची मुलगी जिन्यापाशी उभी होती. तिने हळूच विचारलं, "त्या रात्रीच्या सह्या खोट्या होत्या, कळलं. त्याआधीच्या रात्रींच्या?"

मी तिचा हात धरून उभी राहिले. मला माहीत नव्हतं.