तुम्ही विचारलंत म्हणून: रोगांची बोलीतली नावं

‘नागीण, गरमी, मानमोडी... रोगांना असली नावं ठेवली कुणी?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. ठेवली ती रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसांनी, जे दिसलं त्यावरून. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. जांघेत नि काखेत गाठी यायच्या, म्हणून तो गाठीचा ताप. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने माणसं पिळवटून काढली, ती मानमोडी.

देवीची गोष्ट वेगळी. तिचं नाव मानानेच घ्यायचं, ‘देवी आल्या’ असं. माहीमला शीतळादेवीचं देऊळ आहे, वांद्र्याला जरीमरीचं. पुढे लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणं’च म्हणू लागले. भारतातली पहिली लस मुंबईतच टोचली गेली, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला.

पण नाव पडलं की त्याच्यामागून उपचारही ठरतो, आणि मला काळजी वाटते ती याची.

नागीण घ्या. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो. वयामुळे किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती घटली की तो एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा वळवळत गेल्यासारखा दिसतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही भीती अजून घराघरांत आहे. पण डाव्या-उजव्या बाजूंचे मज्जातंतू वेगळे असल्यामुळे पट्टा सहसा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेवरच थांबतो. गेरूचा लेप लावत, नागीण उतरवून घेत दिवस जातात, आणि विषाणूवरचं औषध तर फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. उशीर झाला की, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, फोड वाळल्यावरही ठणका महिनोन्‌महिने राहू शकतो. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

गरमी त्याहून फसवी. सिफिलीस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाला सोळाव्या शतकात वैद्य भावमिश्रांनी ‘फिरंगरोग’ म्हटलं, फिरंग्यांशी संबंध जोडून. बोलीत मात्र तो गरमी झाला, आणि तोंड येणं, लघवीला जळजळ होणं हीसुद्धा गरमीच. मग सब्जा, गुलकंद सुरू होतं. सिफिलीसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. सब्जाने गुण आला असं वाटतं. रोग आत चालूच राहतो. रक्ततपासणी केली तर तो सापडतो आणि पेनिसिलिनने बरा होतो.

टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणतात, कारण औषधं नव्हती तेव्हा तो तीन-चार आठवडे आपली मुदत पुरी करूनच उतरायचा. आज ती मुदत बघत बसू नका. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्याआधी दिलं तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त. आणि ताप उतरला तरी गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायच्याच.